हलक्या विंडो मॅनेजरसाठी लॉगिन कुठे ठेवावे

डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवताना इन्स्टॉलर एका टप्प्यावर डेस्कटॉपांची यादी समोर ठेवतो. त्या यादीतून ग्नोम, केडीई किंवा एक्सएफसीई निवडले, तर लॉगिन कुठे आणि कसे व्हावे हा प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. डेस्कटॉपच्या पाठोपाठ त्याचा डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिन घेणारा प्रोग्राम, येतो आणि संगणक सुरू होताच नाव व पासवर्ड विचारणारी चौकट पडद्यावर हजर होते. मात्र यादीतल्या सगळ्या खुणा काढून, केवळ मूळ प्रणाली बसवून, तिच्यावर ओपनबॉक्स, आइसडब्ल्यूएम, आयथ्री किंवा डीडब्ल्यूएम यांपैकी एखादा हलका विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणारा छोटा प्रोग्राम, स्वतःच्या हाताने चढवणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. काळ्या पडद्यावर, म्हणजे कन्सोलवर, अक्षरांतच लॉगिन करून मग चित्रमय पडदा सुरू करणारी ‘स्टार्टएक्स’ ही कमांड द्यावी, की लाइटडीएमसारखा एखादा डिस्प्ले मॅनेजर बसवून चित्रमय लॉगिन घ्यावे? दोन्ही वाटांनी गेले तरी शेवटी तोच टर्मिनल आणि तोच ब्राउझर समोर येतो. तरीही ही निवड मला किरकोळ वाटत नाही. संगणक आपल्याशी पहिला शब्द कोणत्या लिपीत बोलणार आणि आपल्या नावाने काय काय सुरू होणार हे कोण ठरवणार, या दोन्ही गोष्टींचा निकाल तिथेच लागतो.

या विषयावर बोलणारे बहुतेक जण मेमरीपासून सुरुवात करतात, म्हणून तो मुद्दा आधीच निकालात काढतो. डिस्प्ले मॅनेजर थोडी मेमरी खातो हे खरे आहे. परंतु ज्या २ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर आपण हलका विंडो मॅनेजर बसवतो, त्या लॅपटॉपची खरी परीक्षा लॉगिनच्या चौकटीपाशी होत नाही. ती ब्राउझर उघडल्यावर होते. बँकेचे संकेतस्थळ आणि वर्तमानपत्राचे एक पान एकाच वेळी उघडले, की लॉगिनच्या वेळी वाचवलेली मेमरी कुठल्या कुठे जाते. वेळेचेही तसेच. कन्सोलवर लॉगिनची ओळ लवकर दिसते, कारण तोपर्यंत पडद्यावर खिडक्या आणि चित्रे काढणारा एक्स सर्व्हर सुरूच झालेला नसतो. ते काम टळलेले नसते, फक्त पुढे गेलेले असते. कन्सोल लॉगिन निवडण्याची चांगली कारणे आहेत, पण ही दोन त्यांत मोडत नाहीत. आणि वाईट कारणासाठी निवडलेली चांगली गोष्ट पहिल्याच अडचणीत सोडून दिली जाते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

दोन्ही पद्धतींच्या मुळाशी गेले, तर त्यांचा परस्परसंबंध अधिक नीट कळतो. लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सच्या आरंभीच्या काळात बेल लॅब्समध्ये संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप, तारेने जोडलेला टंकलेखक, होता. मॉडेल ३३ हे त्यातले प्रसिद्ध यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापत असे. ‘गेटी’ हा प्रोग्राम अशा एकेका टेलिटाइपवर पहारा ठेवी, कोणी बोलू लागला की नाव विचारी आणि ते नाव ‘लॉगिन’ या दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देई. लॉगिन पासवर्ड विचारून तपासणी करी आणि खातरजमा झाली की त्या माणसाच्या नावाने शेल, म्हणजे आज्ञा घेणारा प्रोग्राम, सुरू करी. पासवर्ड टाइप करताना कन्सोलवर काहीच उमटत नाही, अगदी ठिपकेसुद्धा नाहीत, याचे नव्याने येणाऱ्याला आश्चर्य वाटते. पण जिथे प्रत्येक अक्षर कागदावर छापले जाते तिथे पासवर्ड उमटू देणे म्हणजे तो टेबलावर लिहून ठेवण्यासारखेच होते. आज डेबियनच्या काळ्या पडद्यावर जी ओळ लुकलुकते, ती त्याच गेटीच्या वंशजाने लिहिलेली असते. पन्नासहून अधिक वर्षांत कागदाची काच झाली, परंतु कामाची वाटणी तीच राहिली.

चित्रमय लॉगिन कन्सोलला कंटाळलेल्या माणसांनी शोभेसाठी काढले असावे, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये जन्माला आली आणि तिची ११ वी आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास ‘एक्स टर्मिनल’ नावाची यंत्रे बाजारात येऊ लागली. या यंत्रात पडदा, कळफलक, माउस आणि एक्स सर्व्हर एवढेच असे. त्याच्यावर शेल नसे, त्यामुळे ‘स्टार्टएक्स’ लिहायला जागाच नव्हती. खरे प्रोग्राम दूरच्या मोठ्या संगणकावर चालत, आणि त्या संगणकाने पुढाकार घेऊन या पडद्यावर लॉगिनची चौकट उमटवणे आवश्यक होते. ती गरज कीथ पॅकार्ड यांनी लिहिलेल्या ‘एक्सडीएम’ या डिस्प्ले मॅनेजरने भागवली, १९८८ च्या एक्स११ आर३ या आवृत्तीसोबत तो आला. सुरुवातीला प्रत्येक टर्मिनलचे नाव एका फाइलमध्ये लिहून ठेवावे लागे. १९८९ च्या पुढच्या आवृत्तीत आलेल्या एक्सडीएमसीपी या प्रोटोकॉलमुळे टर्मिनल स्वतःच नेटवर्कवर हाक देऊन ‘मला लॉगिन द्या’ असे विचारू लागले.

एक्सडीएमच्या माहिती-पानावर त्याचे काम सांगताना, अक्षरी टर्मिनलवर इनिट (संगणकावर सुरू होणारा पहिला प्रोग्राम), गेटी आणि लॉगिन जी सेवा देतात तशीच सेवा आपण देतो, असे म्हटले आहे. त्याच पानावर सेशनची व्याख्याही आहे. सेशन म्हणजे एका विशिष्ट प्रक्रियेचे आयुष्य. अक्षरी जगात ती प्रक्रिया म्हणजे लॉगिन शेल, आणि चित्रमय जगात सेशन सांभाळणारा प्रोग्राम, आणि तो नसेल तर विंडो मॅनेजर किंवा टर्मिनल. ही व्याख्या मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळे दोन्ही पद्धतींतला फरक एका जागी येऊन थांबतो: ज्या प्रक्रियेच्या आयुष्याला आपले आयुष्य जोडायचे, ती निवडतो कोण?

कन्सोलवर ती आपण निवडतो, आणि तीही लेखी. घरच्या फोल्डरमध्ये ‘डॉट एक्सइनिटआरसी’ नावाची एक फाइल असते. माझ्या फाइलमध्ये पहिली ओळ कळफलकाची मांडणी लावते, इंग्रजी आणि भारतीय, दोन्ही. दुसरी ओळ पडद्याची पार्श्वभूमी एका गडद रंगाची करते. तिसरी, संगणक झोपी जाण्याआधी पडदा कुलूपबंद व्हावा म्हणून ‘एक्सएसएस-लॉक’ मागे चालवत ठेवते. शेवटची ओळ ‘एक्झेक आयथ्री’. या शेवटच्या ओळीत सगळे आले. ‘एक्झेक’ म्हणजे स्क्रिप्टने आपली जागा सोडून ती आयथ्रीला देणे. आयथ्री बंद झाला की स्क्रिप्ट संपली, स्क्रिप्ट संपली की एक्स सर्व्हर मिटला. माझ्या नावाने या संगणकावर काय चालू आहे, हे कोणी विचारले तर ती फाइल उघडून दाखवता येते. डेस्कटॉपसोबत येणाऱ्या सेशनमध्ये आपसूक सुरू होणाऱ्या गोष्टी तीन-चार वेगवेगळ्या फोल्डरांत विखुरलेल्या असतात आणि त्यांतल्या अर्ध्या आपण कधी मागितलेल्याही नसतात. हलका विंडो मॅनेजर निवडणारा माणूस मुळात याच गोष्टीसाठी तो निवडतो, असे मला वाटते: जे चालू आहे ते माहीत असावे, आणि जे माहीत नाही ते चालू नसावे.

इथे डेबियनची एक बाब सांगणे आवश्यक आहे, कारण मराठी लिहिणाऱ्याला तिच्याशी थेट कर्तव्य आहे. ‘डॉट एक्सइनिटआरसी’ ही फाइल असेल, तर स्टार्टएक्स फक्त तीच वाचते. डेबियनची स्वतःची एक सामायिक स्क्रिप्ट आहे, तिचे नाव ‘एक्ससेशन’. आपली फाइल असताना ती बाजूला राहते. आता मराठी टाइप करण्यासाठी आपण आयबस हा टंकनाचा प्रोग्राम आणि त्यासोबत लिप्यांच्या मांडण्या पुरवणारा एम१७एन बसवतो, आणि टंकनाचा प्रोग्राम ठरवणाऱ्या ‘आयएम-कॉन्फिग’ने तो निवडतो. हे आयएम-कॉन्फिग आपले काम त्या सामायिक स्क्रिप्टच्या पोटात करते. परिणाम असा, की एक्सइनिटआरसीच्या वाटेने गेलेल्या माणसाचे सगळे ठीक चाललेले असते, फक्त मराठी अक्षर उमटत नाही, आणि तो आयबसची रचना पुन्हा पुन्हा तपासत बसतो. दोष आयबसमध्ये नसतो, तो वाटेत असतो. यावर उपाय सोपा आहे. त्याच ओळी ‘डॉट एक्ससेशन’ नावाच्या फाइलमध्ये लिहाव्यात आणि एक्सइनिटआरसी ठेवूच नये. मग स्टार्टएक्स आपण होऊन डेबियनच्या सामायिक स्क्रिप्टकडे जाते, ती आयबसची तजवीज करते आणि अखेरीस आपली एक्ससेशन फाइल चालवते. शिवाय लाइटडीएममधून ‘डिफॉल्ट एक्ससेशन’ निवडले, तर तिथूनही हीच फाइल वाचली जाते. म्हणजे एकदा लिहिलेली फाइल दोन्ही प्रकारच्या लॉगिनला चालते, आणि आज घेतलेला निर्णय उद्या बदलायचा झाला तर पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करावी लागत नाही. हलक्या विंडो मॅनेजरच्या वाटेला नव्याने लागलेल्या कोणालाही मी सर्वांत आधी हेच सांगतो.

कन्सोलवर लॉगिन केल्यावर दर वेळी ‘स्टार्टएक्स’ टाइप करण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी ते काम ‘डॉट बॅश प्रोफाइल’ या फाइलवर सोपवलेले असते. एक छोटी अट लिहायची: डिस्प्ले आधीच ठरलेला नसेल आणि आपण पहिल्या कन्सोलवर असू, तर स्टार्टएक्स चालव. दुसऱ्या, तिसऱ्या कन्सोलवर लॉगिन केले तर मात्र साधा शेल मिळतो, हे या अटीचे खरे सौंदर्य आहे. या ओळीतसुद्धा स्टार्टएक्सच्या आधी ‘एक्झेक’ हवेच. ते नसेल, तर एक्स सर्व्हरच्या खाली आपला लॉगिन झालेला शेल तसाच उघडा बसून राहतो. वर पडदा कुलूपबंद असेल. पण एक्स सर्व्हर कोणत्याही कारणाने कोसळला, किंवा कोणी तो पाडला, तर समोरच्याला पासवर्डाशिवाय आपला शेल मिळतो. एक्झेक असेल, तर एक्सबरोबर सेशनही संपते आणि गेटी पुन्हा नाव विचारत उभा राहतो. एका शब्दावर एवढे अवलंबून असते, आणि इंटरनेटवरून उचललेल्या ओळींमध्ये तोच शब्द गाळलेला मी अनेकदा पाहतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत या दोन पद्धतींचे पारडे काळानुसार वरखाली झाले आहे. पूर्वी एक्स सर्व्हरला ग्राफिक्सच्या हार्डवेअरला थेट हात लावावा लागे, म्हणून तो रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकारानेच चालत असे. डिस्प्ले मॅनेजर मुळातच रूट म्हणून सुरू होतो, त्यामुळे त्याला अडचण नव्हती. पण साध्या वापरकर्त्याने स्टार्टएक्स म्हटले तर एक्सच्या प्रोग्रामवर ‘सेटयूआयडी’ची खूण असणे भाग होते, म्हणजे कोणीही चालवला तरी तो रूट म्हणूनच चालणार. अशी खूण असलेल्या प्रोग्राममधली एखादी चूक किती महाग पडते, हे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिसले. एक्स.ऑर्ग या प्रचलित एक्स सर्व्हरमधल्या लॉग फाइलच्या पर्यायाची तपासणी नीट होत नव्हती आणि साध्या वापरकर्त्याला तिच्या आधारे रूटच्या फाइलवर लिहिता येत होते. ओपनबीएसडी या युनिक्सवंशी प्रणालीचे लोक आजही स्टार्टएक्सऐवजी ‘झेनोडीएम’ वापरा असे सुरक्षिततेच्याच कारणाने सुचवतात. हा झेनोडीएम म्हणजे त्यांनी जुन्या एक्सडीएमचीच साफसफाई करून काढलेली शाखा. तिथे चित्रमय लॉगिन हाच सावधपणाचा मार्ग ठरतो.

लिनक्सवर मात्र चित्र उलटे झाले. हार्डवेअर हाताळण्याचे काम कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, आपल्याकडे घेतले, उपकरणांचा ताबा कोणाकडे असावा हे लॉगिनडी हा मागे चालणारा प्रोग्राम ठरवू लागला, आणि २०१४ च्या जुलैमध्ये आलेल्या एक्स.ऑर्ग सर्व्हर १.१६ पासून तो रूटशिवाय चालणे शक्य झाले. डेबियनने २०१७ च्या ९ व्या आवृत्तीत हे प्रत्यक्षात आणले. त्या आवृत्तीसोबतच्या सूचनांत स्पष्ट लिहिले होते, की डिस्प्ले मॅनेजरांपैकी केवळ ग्नोमच्या जीडीएम३ मध्ये एक्स रूटशिवाय चालतो, बाकीचे तो रूट म्हणूनच चालवतात, आणि दुसरा पर्याय म्हणजे कन्सोलवरून स्टार्टएक्स. म्हणजे ज्या हलक्या विंडो मॅनेजरवाल्याला ग्नोमचा भार नको होता, त्याच्यासाठी काळा पडदा हीच त्यातल्या त्यात सुरक्षित वाट ठरली. आपला एक्स कोणाच्या नावाने चालतो आहे, हे पाहायलाही सोपे आहे: त्याची लॉग फाइल आपल्या घरच्या फोल्डरात लिहिली जात असेल, तर तो आपल्या अधिकाराने चालतो, ‘व्हार लॉग’ या प्रणालीच्या फोल्डरात जात असेल, तर रूटच्या.

हे झाले सगळे सुरळीत चालते तेव्हाचे. बिघाड होतो तेव्हाचा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ओळखीतल्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप एका संध्याकाळी लॉगिनपाशीच अडकला होता. चित्रमय चौकटीत ती पासवर्ड टाकी, पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा तीच चौकट समोर येई. पासवर्ड चुकला असता तर चौकटीने तसे सांगितले असते. तिने काहीच सांगितले नाही, म्हणजे पासवर्ड बरोबर होता आणि सेशन सुरू होता होताच मरत होते. दुसऱ्या दिवशी प्रकल्पाचा अहवाल द्यायचा, आणि मुलीच्या मनाने घेतले की सगळे पुसले गेले. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ या तीन कळा एकत्र दाबल्या, कन्सोल आला, तिथे तेच नाव आणि तोच पासवर्ड टाकला आणि ती सहज आत गेली. डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही कमांड दिली तेव्हा होम फोल्डरचा भाग शंभर टक्के भरलेला दिसला. सेशनला पडदा वापरण्याची परवानगी नोंदवणारी आपली एक्सऑथॉरिटीची लहानशी फाइल लिहायलासुद्धा जागा उरली नव्हती. डाउनलोडमधल्या दोन मोठ्या व्हिडिओ फाइली काढल्या आणि लॉगिन पूर्ववत झाले. अहवाल जिथल्या तिथे होता.

त्या संध्याकाळी तिला हे ठाऊक नव्हते की चित्रमय लॉगिनच्या मागे कन्सोल नेहमीच उभा असतो. लॉगिनडी मागणीप्रमाणे सहा कन्सोल उघडून देतो. डिस्प्ले मॅनेजर बसवल्याने ते नाहीसे होत नाहीत. चौकट सुंदर असते, पण तिला सांगता येण्याजोग्या गोष्टी दोनच: आत या, किंवा पासवर्ड चुकला. कन्सोलवरून स्टार्टएक्स दिले असते, तर फाइल लिहिता येत नसल्याचे वाक्य त्याच पडद्यावर, त्याच क्षणी वाचायला मिळाले असते. जे यंत्र अयशस्वी होताना कारण सांगते, त्याच्याविषयी मला विश्वास वाटतो. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर कन्सोल लॉगिन ठेवण्याचे खरे कारण हेच आहे; बाकी सगळी कारणे त्याच्यानंतर येतात.

इतके सांगितल्यावर माझा कौल सरसकट कन्सोलच्या बाजूने आहे, असे वाटण्याची शक्यता आहे. तसा तो नाही, आणि त्याचे कारण आपली लिपी आहे.

लिनक्सच्या कर्नलमधला कन्सोल एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती ठेवू शकतो. संख्येचा प्रश्न एक वेळ सुटेल; पण त्याचा मूळ समज असा, की एक संकेतांक (अक्षराचा ठरलेला आकडा) म्हणजे एक चौकोन आणि तो चौकोन आधीच्या चौकोनाच्या उजवीकडे. देवनागरी असे वागत नाही. ‘वि’ लिहिताना संकेतांकांच्या क्रमात आधी ‘व’ येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, पण पडद्यावर ती वेलांटी ‘व’च्या आधी उभी राहायला हवी. ‘क्ष’ आणि ‘त्र’ यांना तीन-तीन संकेतांक मिळून एक आकृती लागते. ‘र्य’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. हे सगळे एक्सच्या किंवा त्याची जागा घेऊ लागलेल्या वेलँडच्या जगात पँगो आणि हार्फबझ या लायब्ररी निमूटपणे करतात. कन्सोलला ते येत नाही. फाइलीला ‘वीजबिल मार्च’ असे नाव द्यावे आणि कन्सोलवर यादी मागवावी, म्हणजे त्या नावाच्या जागी एकसारख्या ठिपक्यांची किंवा चौकोनांची रांग दिसते, आणि कोणते वीजबिल व कोणते भाडेपावतीचे पान हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही. मराठी हीच ज्याची वाचण्याची भाषा आहे, त्या माणसासाठी काळा पडदा साधा नसतो, तो मुका असतो.

म्हणून घरातल्या सामायिक लॅपटॉपवर, जो माझी आई आणि भाचा दोघेही वापरतात, मी लाइटडीएम ठेवला आहे, आणि आत ओपनबॉक्सच. डेबियनमध्ये लाइटडीएमची नावांची यादी मुळात लपवलेली असते. कॉन्फिगरेशनमधली एक ओळ बदलून ती उघड करावी लागते. खात्याचे अंतर्गत नाव रोमन अक्षरांत राहते, पण पूर्ण नावाची जागा देवनागरी स्वीकारते. त्यामुळे आईला पडद्यावर स्वतःचे नाव मराठीत, जोडाक्षरासकट नीट लिहिलेले दिसते. ती त्यावर क्लिक करते आणि पासवर्ड टाकते. वरच्या पट्टीत कळफलकाची मांडणी दाखवणारी खूण आहे, आणि तिचा उपयोग शोभेपेक्षा फार मोठा आहे: मांडणी चुकून मराठीच्या इन्स्क्रिप्टवर राहिली, तर पासवर्डाच्या ठिपक्यांवरून काहीच कळत नाही, पण त्या खुणेवरून कळते. संगणक बंद-सुरू करण्याची बटणेही तिथेच आहेत. भाच्याचा अभ्यास अर्धवट असताना आईला काम आले, तर त्याचे सेशन तसेच ठेवून तिला आत जाता येते. देवनागरी सोडली, तर यातले बाकीचे कन्सोलवर करता येत नाही असे नाही. पण घरातल्या माणसाने संगणकाची कवाडे उघडण्यासाठी इंग्रजी आज्ञा पाठ करावी, अशी अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

दृष्टिहीन वापरकर्त्यांच्या बाबतीत पुन्हा वेगळा विचार करावा लागतो, आणि तो या चर्चांत क्वचितच होतो. कन्सोलसाठी कर्नलमध्येच ‘स्पीकअप’ आहे, ब्रेल पट्टीसाठी ‘बीआरएलटीटीवाय’ आहे. अक्षरांच्या सरळ ओळी वाचून दाखवणे या साधनांना चांगले जमते, आणि इंग्रजी येणाऱ्या अनेक दृष्टिहीन प्रोग्रामरांचा कन्सोलकडे ओढा असतो तो त्यामुळेच. मंद दृष्टीच्या माणसालाही कन्सोल वापरता येतो. टर्मिनस या फॉन्टचा १६ बाय ३२ हा मोठा आकार लावला, की बारीक ठिपक्यांच्या दाट पडद्यावरही अक्षर ठसठशीत दिसते.

दोन टोकांच्या मधल्याही काही जागा आहेत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ‘रास्पी-कॉन्फिग’ या मांडणीच्या प्रोग्रामने हा प्रश्न फार नेमकेपणाने चार पर्यायांत मांडला होता: कन्सोल, कन्सोलवर आपोआप लॉगिन, डेस्कटॉप, आणि डेस्कटॉपवर आपोआप लॉगिन. लॉगिन कुठे हा एक प्रश्न आणि पासवर्ड विचारावा का हा दुसरा, हे त्यातून लगेच कळते. आपोआप लॉगिनला लोक सरसकट नावे ठेवतात. परंतु ज्याची संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे आणि जो एकटाच संगणक वापरतो, त्याने बूट होतानाच एक लांबलचक सांकेतिक वाक्य दिलेले असते. अर्ध्या मिनिटाने पुन्हा पासवर्ड मागण्यातून त्याला फारसे काही मिळत नाही. त्याने गेटीला आपोआप लॉगिन करायला सांगितले, तरी मला त्यात गैर दिसत नाही, मात्र झोपेतून उठताना पडदा कुलूपबंद असलाच पाहिजे. ब्राउझरचे पासवर्ड ग्नोमच्या कीरिंग या कुलूपबंद साठ्यात ठेवणाऱ्याने मात्र एक लक्षात घ्यावे: चित्रमय लॉगिनच्या वेळी टाकलेल्या पासवर्डाने कीरिंगही आपोआप उघडते, कन्सोलवर ती सोय लॉगिनची तपासणी करणाऱ्या पॅमच्या फाइलमध्ये स्वतः ओळ लिहून करावी लागते, आणि आपोआप लॉगिनमध्ये पासवर्डच नसल्यामुळे कीरिंग बंदच राहते. ‘लाय’ किंवा ‘ग्रीटडी’सोबत वापरला जाणारा ‘ट्यूइग्रीट’ हे अक्षरांतच चौकट आखणारे डिस्प्ले मॅनेजर दिसायला मोहक आहेत. पण चौकट काढली तरी ती कन्सोलवरच काढलेली असते, त्यामुळे देवनागरीचा प्रश्न तिथेही जसाच्या तसा राहतो, म्हणून आईच्या लॅपटॉपसाठी मी त्यांचा विचार केला नाही.

एका पद्धतीवरून दुसरीकडे जाणे लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमुळे फार सोपे झाले आहे. रेड हॅट लिनक्सच्या जुन्या वापरकर्त्यांना रनलेव्हल ३ (अक्षरी) आणि ५ (चित्रमय) हे आकडे आठवत असतील. आज त्यांच्या जागी ‘मल्टी-यूजर टार्गेट’ आणि ‘ग्राफिकल टार्गेट’ आहेत. डिफॉल्ट टार्गेट बदलण्याची एक कमांड द्यायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. डिस्प्ले मॅनेजर काढून टाकण्याची गरज नसते, तो नुसता स्वस्थ बसतो. त्यामुळे दोन्ही पद्धती आठवडाभर वापरून पाहायला हरकत नाही, विशेषतः वर सांगितलेली एक्ससेशन फाइल लिहून ठेवली असेल तर.

येत्या काळात या प्रश्नाची मांडणी वेलँडमुळे बदलणार आहे. वेलँडमध्ये विंडो मॅनेजर आणि डिस्प्ले सर्व्हर हे एकच, त्यामुळे स्टार्टएक्ससारख्या मधल्या स्क्रिप्टचे कारणच उरत नाही. कन्सोलवर लॉगिन करायचे आणि ‘स्वे’, म्हणजे वेलँडच्या एका विंडो मॅनेजरचे नाव, एवढेच लिहायचे. स्वे लिहिणाऱ्यांनी तर पूर्वी बराच काळ, आपला प्रोग्राम कन्सोलवरूनच सुरू करावा आणि डिस्प्ले मॅनेजरांना आपला अधिकृत पाठिंबा नाही, असे सांगितले होते. आयथ्री वापरणाऱ्याला स्वे जवळचा, कारण तीच कॉन्फिगरेशन फाइल थोड्या बदलाने चालते. ओपनबॉक्स वापरणाऱ्याला ‘लॅबडब्ल्यूसी’, जो ओपनबॉक्सच्याच धर्तीची एक्सएमएल फाइल वाचतो आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून रास्पबेरी पायच्या डेस्कटॉपचा आधार झाला आहे. माझ्या लॅपटॉपवर मी स्वेकडे वळेन तेव्हा बॅश प्रोफाइलमधला एक शब्द बदलेल, इतकेच. आईच्या लॅपटॉपचे काम जास्त आहे. लाइटडीएम वेलँडची सेशने यादीत दाखवतो आणि सुरूही करतो, पण त्याची ‘जीटीके’ नावाची लॉगिनची चौकट स्वतः अजून एक्सवरच चालते. म्हणजे आत लॅबडब्ल्यूसी आला तरी दारात एक्स ठेवावा लागेल. तो भार मी आनंदाने ठेवेन. दुसरी एखादी चित्रमय चौकट पुढे निवडायची झाली, तर तिला तीन गोष्टी यायला हव्यात: नाव देवनागरीत नीट दाखवणे, कळफलकाची मांडणी उघडपणे सांगणे आणि सेशन सुरू झाले नाही तर त्याचे कारण पडद्यावर लिहिणे. पहिल्या दोन गोष्टी आजच्या चौकटींना जमतात. तिसऱ्यासाठी त्या लॅपटॉपवर मी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ या कळा भाच्याला शिकवून ठेवल्या आहेत.